दोन बोटं म्हणजे किती

या अंकाचे संपादक आमच्या दवाखान्याचे जुने पेशंट. कशाचे, ते मी सांगणार नाही. कातडीच्या डॉक्टरच्या दाराशी चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे, नाहीतर अर्ध्या नांदेडात त्याला कुणी लग्नाला बोलवणार नाही. ते म्हणाले, मामा, तुमचे अनुभव लिहून द्या, दिवाळीत लोक निवांत वाचतात. मी म्हणालो, मी चौथी शिकलेला माणूस. ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ. मी म्हणालो, शुद्धलेखन बघा, पण वाक्याला हात लावायचा नाही. त्या अटीवर लिहून राहिलो आहे.

मी कंपाउंडर. थोरले डॉक्टर होते तेव्हा मी खरोखर औषधं कालवायचो. खलात मलम घोटायचं, डब्यांत भरायचं, डब्यावर कागद चिकटवायचा. आता सगळं ट्यूबात तयार होऊन येतं. मग तुम्ही म्हणाल, याचं काम काय उरलं. सांगतो. डॉक्टर लिहितो आणि मी सांगतो. पेशंट आतून चिठ्ठी घेऊन बाहेर आला की आत ऐकलेलं त्याला काहीही आठवत नसतं. डॉक्टरसमोर माणूस नुसता हाव हाव म्हणत राहतो. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी वाकतो आणि हळूच विचारतो, मामा, काय म्हणले ओ डॉक्टर? तिथून माझं काम सुरू. हे सकाळी, हे रात्री, हे डोळ्याच्या जवळ न्यायचं नाही, हे शेजारणीला द्यायचं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

थोरले डॉक्टर गेले आणि त्यांची मुलगी दवाखान्यात बसायला लागली. तिला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखतो, पण दवाखान्यात ती ताई. ती मला मामा म्हणते, सगळेच म्हणतात. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार-शनिवार नांदेड, गुरुवारी लातूर. गुरुवारी सकाळी तिच्या गाडीत पुढं बसून मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जातो. गेल्या वर्षी ताईनं मला रिटायर केलं. शाल दिली, हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं कुलूप मीच उघडलं. तिनं बघितलं आणि आत जाऊन खुर्चीत बसली.

आता धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं निम्मे लोक खाज घेऊन येतात आणि निम्मे रंग घेऊन. रंगवाल्यांतले निम्मे म्हणतात, गोरं करा. त्यांना मी बाहेरच सांगतो की हा रंग बदलायचा दवाखाना नव्हे. मी स्वतः तव्यासारखा काळा आहे आणि चाळीस वर्षं कातडीच्या डॉक्टरकडं नोकरी केली. होत असतं तर मी आधी केलं असतं. हे ऐकून बरेच लोक तिथूनच परत जातात. ताई म्हणते, मामा, तुम्ही पेशंट पळवता. मी म्हणतो, फिजूल गर्दी कमी करतो.

खरा आजार वेगळा. गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग पडतात, दोन्ही बाजूंना सारखे. त्याला आपल्याकडं वांग म्हणतात. बायकांना जास्त, त्यातही बाळंतपणात. कुणाच्या घराण्यातच असतं. पुरुषांनाही होतं, ते सांगत नाहीत. ताई त्यातलं शास्त्र सांगते, मी माझ्या पद्धतीनं सांगतो. माणसाच्या कातडीत एक रंगारी बसलेला असतो. ऊन लागलं की तो आतून रंग देतो, म्हणजे कातडी जळू नये. त्याचं कामच ते. वांगात तो रंगारी बिथरतो. एवढंसं ऊन दिसलं की डबाच ओततो. त्याला मारता येत नाही, गप बसवता येतं. आणि गप बसवायचं तर त्याला ऊन दिसू द्यायचं नाही. आभाळातून येणारं नाही, खिडकीतून येणारं नाही, ढगाळ दिवशीचंही नाही. चुलीच्या धगीपासूनही जरा लांब. लिंबू चोळलं, तुरटी घासली की तो जास्त खवळतो. लिंबू चोळून उन्हात गेलेली तोंडं मी बघितलेली आहेत, ती विसरता येत नाहीत.

या वांगाच्या नावानं लातूरला एकदा केवढा घोळ झाला. चाकूरकडचे एक शेतकरी आजोबा सुनेला घेऊन आले. ताई आत म्हणाली, वांग आहे. महिन्यानं दोघं परत आले तर आजोबांचा चेहरा उतरलेला. अर्धा एकर वांग्याचं रान उपटून टाकलं होतं. घरात भरीत बंद, पाहुण्यांकडंही कुणी वांगं खायचं नाही असा हुकूम. ताईनं सांगितलं, अहो बाबा, वांग्याचा काही संबंध नाही, खुशाल खा. आजोबा बाहेर येऊन माझ्यावर तापले. म्हणाले, "आत ती शिकलेली, ती तिच्या बोलीत बोलती. तू हितं कशाला बसून राहिला मग?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला बजावतो, वांग म्हणजे डाग, खायचं वांगं वेगळं. शब्द कुठं घसरतो ते मला बरोबर कळतं, अशी त्या दिवसापासून माझी खात्री झाली. चारचौघांत मी ते बोलूनही दाखवायचो. आता ज्या दोन बोटांची गोष्ट सांगणार आहे, ती यामुळंच सांगायला जड जाते.

थोरल्या डॉक्टरांच्या वेळी उन्हाला इलाज म्हणजे टोपी, छत्री, रुमाल, पदर. ताई आली आणि तिनं सनस्क्रीन आणली. आमचे लोक त्याला उन्हाचं मलम म्हणतात. सकाळी लावायचं, दोन-तीन तासांनी परत लावायचं, घाम आला, तोंड धुतलं की परत. पहिल्याच आठवड्यात ताई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मामा, सगळ्यांना नीट सांगा, दोन बोटं लावायचं, कमी नको. आणि उजव्या हाताची दोन बोटं वर करून दाखवली. मी म्हणालो, समजलं. समजलं म्हणायची मला फार वर्षांची सवय आहे.

तेव्हापासून आठ वर्षं मी सांगत आलो. दोन बोटं. विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरींना सांगितलं, मुदखेडच्या रेल्वेत रुळावर काम करणाऱ्यांना सांगितलं. नांदेड-लातूर गाडीवरच्या एका ड्रायव्हरला सांगितलं. हा ड्रायव्हर आमचा नमुनेदार पेशंट. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडं, त्यामुळं उजवा गाल, उजवा कान काळाकुट्ट आणि डावी बाजू मूळ रंगाची. डावीकडून बघितलं तर वेगळा माणूस, उजवीकडून वेगळा. तो स्वतःच म्हणायचा, डावं तोंड घरचं अन् उजवं तोंड गाडीचं. वर्षभर येत होता, फरक शून्य. मी ताईला म्हणायचो, ड्रायव्हर लोक ऐकत नाहीत, ताई, सोडून द्या.

आता सुरेखा. अर्धापूरची, घरची केळीची बाग, वय पस्तिसाच्या आत. होळी झाल्यावर पहिल्यांदा आली, तोंड पदरात. पदर काढला तेव्हा मी पण जरा थबकलो. दुसऱ्या बाळंतपणात गालांवर वांग आलं होतं. गावातल्या एका औषधाच्या दुकानात तिला एक ट्यूब मिळाली. पंधरा दिवसांत डाग गेले, तोंड उजळलं. मग तिनं ती ट्यूब दोन वर्षं रोज लावली. अशा ट्यूबांत असं औषध असतं की डॉक्टरनं थोडे दिवस मोजून द्यावं, आणि लोक ते पावडरसारखं फासतात. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. सुरेखाचं तोंड लाल झालेलं, बारीक शिरा दिसायला लागलेल्या, हनुवटीवर लव, चुलीपुढं बसलं की आग आग. बंद केली की वांग पहिल्यापेक्षा काळं होऊन वर येणार. धरली तरी पंचाईत, सोडली तरी पंचाईत.

ही बाई गावात हळदीची गाणी म्हणायची. तिच्याशिवाय हळद लागत नव्हती, असं तिची सासू सांगायची. सासू सोबत आली होती, बोलणारी बाई. आदल्या साली सुरेखानं लग्नाला जाणंच सोडलं. एका मांडवात तिच्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुठं तोंड काळं करून आलीस. जाऊ हसली, बायका हसल्या, आणि ही पदर ओढून घरी आली ती परत कुठल्या मांडवात गेली नाही.

ताईनं ट्यूब बंद केली. सांगितलं, आधी काही आठवडे वाईट दिसेल, आग होईल, सहन कर. एक रात्रीचं औषध आणि दिवसा उन्हाचं मलम. हे महिन्यांचं काम आहे. सुरेखानं सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मामा, वटपौर्णिमेपर्यंत तुमचं ऐकते. तवर फरक पडला तर ठीक, न्हाईतर माझी ट्यूब हाय. वडाला मी ह्या तोंडानं जाणार न्हाई." मी म्हणालो, बाई, ती ट्यूब परत लावली तर तोंड कायमचं जाईल. ती म्हणाली, आत्ता कुठं राहिलंय. मग मी तिला समजावलं. दोन बोटं. आणि माझ्या शिरस्त्याप्रमाणं माझ्याच गालांवर, कपाळावर दोन बोटं टेकवून दाखवली.

दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात ती परत आली. लाली कमी झाली होती, पण वांग आणखी गडद. ताईनं भिंगातून बघितलं आणि विचारलं, ती ट्यूब चालूच आहे ना अजून? सुरेखा म्हणाली, न्हाई ताई, लेकरांची आण. ताईला पटलं नाही. उन्हाचं मलम नेमानं लावणाऱ्या बाईचं वांग असं वाढत नाही, आणि पेशंट ट्यूब लपवतात हे आम्हाला रोजचं. मी फाईल द्यायला आत गेलेलो. मला कुणी विचारलेलं नव्हतं, तरी मी बोललो. म्हणालो, बाई, डॉक्टरपुढं खोटं बोलू नका, नुकसान तुमचंच होतं.

सुरेखानं ताईकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. उठली, बाहेर आली, चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली.

"मी आता येत न्हाई, मामा. ती ट्यूब तोंड जाळती, पण मला खोटारडी तर म्हणत न्हाई."

गेली. मी आत जाऊन ताईला म्हणालो, येतात परत, सगळे येतात. ताई फाईल उघडून बसलेली. म्हणाली, मामा, हिनं उन्हाच्या मलमाच्या किती ट्यूब नेल्या? नोंद मी ठेवतो, मला पाठ. म्हणालो, एकच, आणि तीही अर्धी शिल्लक आहे, मघाशी पिशवीत बघितली. काटकसरीची बाई आहे. हे मी कौतुकानं म्हणालो.

ताई म्हणाली, "दोन महिन्यांत अर्धी? दिवसातून दोन-तीनदा लावली तर वीस दिवस पुरत नाही. मामा, तुम्ही त्यांना काय सांगता?"

"दोन बोटं."

"करून दाखवा."

मी करून दाखवलं. गालाला टेकवलं, दुसऱ्या गालाला टेकवलं, कपाळाला टेकवलं. हळदीकुंकवाला बायका लावतात तसं.

ताई खुर्चीत मागं टेकली. मग तिनं टेबलावरची ट्यूब घेतली, टोपण काढलं आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर बुडापासून नखापर्यंत पांढरी जाड रेघ ओढली. मग शेजारच्या बोटावर तशीच दुसरी. हात माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, याला दोन बोटं म्हणतात, मामा. चेहरा आणि मान मिळून एवढं, प्रत्येक वेळी.

मी त्या बोटांकडं बघत राहिलो. तेवढ्या मलमात आमच्या हिशोबानं सगळं गाव माखलं असतं. ताईनं विचारलं, कधीपासून असं सांगताय? म्हणालो, तुम्ही आलात तेव्हापासून. तिनं डोक्याला हात लावला आणि तिच्याच बोटावरचं मलम तिच्या कपाळाला लागलं. मला हसू आलं, पण ती वेळ नव्हती.

आता इथं कुणी शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, चुकलं. मी तसा नाही. मी म्हणालो, ताई, तुम्ही दोन बोटं म्हणालात, बोटभर म्हणाला न्हाईत. आमच्यात दोन बोटं म्हणजे दोन बोटं. दोन बोटं कुंकू म्हणल्यावर कुणी कोपरापर्यंत माखत नाही. तिनं म्हटलं, मामा, तुम्ही स्वतः कधी लावलीय का? म्हणालो, मी काय नवरी आहे का? चाळीस वर्षांत तोंडाला खोबरेल सोडून काही लावलेलं नाही, आणि तेही दिवाळीला. असं आमचं बरंच चाललं. बाहेर पेशंट दारातून डोकावून राहिले. शेवटी ताई म्हणाली, माझीही चूक, आठ वर्षांत मी एकदा बाहेर येऊन बघितलं नाही. आणि मग हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईला मी खोटं म्हणाले."

ताईनं नुसती शंका घेतली होती. खोटं हा शब्द माझा होता.

ताईनं दोनदा फोन लावला. फोन सुरेखाच्या नवऱ्याकडं. तो म्हणाला, ती येत न्हाई म्हणती, मी काय करू. ताई म्हणाली, मी जाऊन येते. मी म्हणालो, तुम्ही जायचं नाही. पण मी जातो असंही म्हणालो नाही. तीन दिवस मी मनात भांडत होतो, कधी ताईशी, कधी ट्यूबवाल्यांशी. ट्यूबवर एवढं बारीक इंग्रजी छापतात, दोन बोटांचं चित्र छापायला काय झालं होतं?

गुरुवारी लातूरला गेलो. जाताना मी अहमदपूरचा चहा सोडला. दवाखान्यात पहिलाच पेशंट ड्रायव्हर. दोन तोंडांचा. त्याला मी बाजूला घेतलं आणि म्हणालो, दादा, उन्हाचं मलम कसं लावता जरा दाखवा. त्यानं उजव्या गालावर दोन बोटं टेकवली आणि वर करून मला दाखवली, शाळेतल्या पोरानं दाखवावी तशी. म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसंच करून राहिलो, मामा. वरीस झालं, एक दिवस चुकलो न्हाई." आणि मी त्याला वर्षभर न ऐकणाऱ्यांत मोजत होतो. मी त्याला नवी चिठ्ठी दिली, बोटावर रेघ ओढून दाखवली आणि टोपी घाला म्हणालो. त्यानं विचारलं, अगोदर वेगळं सांगत होता की. मी म्हणालो, शास्त्र बदललं. एवढं खोटं मी त्या दिवशीसुद्धा बोललो, लपवत नाही.

रविवारी दुपारी अर्धापूरची गाडी धरली. मे महिन्याचं ऊन, डोक्याला काही नाही. बागांच्या कडेनं जाताना केळीची मोठी पानं बघून वाटलं, हिला देवानं सावली घरासमोर दिली आणि ही बाई उन्हात भाजून आमच्याकडं येते.

घर सापडायला वेळ लागला नाही. पण घरात कुणी नव्हतं, सगळ्या गच्चीवर. वाळवणाचे दिवस. जिना चढून वर गेलो तर पाच-सहा बायका, गव्हाच्या चिकाचं पातेलं, साचा, आणि पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या रांगा. सासू साचा दाबून राहिलेली, जाऊ शेजारी. सुरेखा एका कडेला ऐन उन्हात पाठमोरी, पदर तोंडावर. मला बघून सासू म्हणाली, "आगं सुरेखा, दवाखानाच घरी आला." सुरेखानं वळून बघितलं. तोंड परत लाल होतं. दोन दिवसांची लाली मला ओळखू येते. ट्यूब चालू झाली होती.

मी खाली बसायचं सोडून उभाच राहिलो. ती म्हणाली, पाणी देऊ का? मी म्हणालो, नको, आधी ऐकून घे, बाई, तू खोटं बोलली नव्हतीस. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "तुम्ही मला तिथं ताईंसमोर म्हणला होता. अन् भायेर वीस माणसं बसलेली. आता हितं जरा मोठ्यानं म्हणा, ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

सासू साचा दाबायची थांबली, जावेनं मान वर केली. मला आयुष्यात कुणी असं सांगितलेलं नाही. थोरल्या डॉक्टरांनीही नाही. पण मी म्हणालो, मोठ्यानं, शेजारच्या गच्चीवरही ऐकू गेलं असेल.

"सुरेखाबाई खरं बोलत होत्या. मलम किती लावायचं ते मीच चुकीचं सांगितलं. आठ वर्षं सगळ्यांनाच चुकीचं सांगितलं. चूक माझी."

मग सासू म्हणाली, मंग बरोबर किती लावायचं ते तर सांगा, नुसतं चूक चूक काय करता? मी पिशवीतून नवी ट्यूब काढली आणि त्यांना कळेल असं सांगितलं. साच्यातून कुरडईची धार पडते ना, तशी धार बोटाच्या बुडापासून नखापर्यंत, आणि शेजारच्या बोटावर दुसरी. त्या बायकांना तिथल्या तिथं कळलं. आठ वर्षांत मला न कळलेलं एका क्षणात कळलं. एकीनं तर साच्यातून चिकाची धार बोटावर घेऊन बघितलीच.

सुरेखा हसली नाही. म्हणाली, "मामा, तुम्ही आजपर्यंत स्वतःच्या तोंडाला न लावता आम्हाला सांगत होता?"

"हाव."

"मग आज लावा. माझ्यासमोर. पुरतं."

मी म्हणालो, बाई, मी पुरुष माणूस, मी काळा, मला काय करायचं? ती म्हणाली, तुम्ही लावल्याबिगर मी लावणार न्हाई, अन् माझी ट्यूब खाली कपाटात हाय. आता काय करता. त्या गच्चीवर, त्या बायकांच्या मधोमध मी डाव्या हातावर दोन रेघा ओढल्या आणि तोंडाला लावायला सुरुवात केली. हे मलम लवकर जिरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अर्ध्यात मी पांढराफटक झालो. जाऊ म्हणाली, "मामाला वाळत घाला आता, कुरडयांच्या बाजूला." सगळ्या हसल्या, सासूला ठसका लागला. आणि सुरेखाही हसली. हसताना तिचा पदर खांद्यावर आला आणि तिनं तो परत ओढला नाही. मग म्हणाली, उन्हात उभं नका राहू, या सावलीला. बायकांना म्हणाली, सगळ्याच या.

वटपौर्णिमेपर्यंत तिचं वांग गेलं नाही. एवढ्या दिवसांत जातही नाही. पण ट्यूब तिनं मला त्याच दिवशी दिली होती आणि परत विकत घेतली नाही. त्या वर्षी ती वडाला गेली, हातभर पदर घेऊन, छत्री घेऊन आणि दोन बोटं मलम फासून. म्हणाली, वडाची सावली होती म्हणून बरं झालं. दिवाळीपर्यंत डाग अर्धे फिके झाले. आता जवळून बघितलं तरच दिसतात. उन्हाळ्यात थोडे वर येतात, पावसाळ्यात बसतात. रंगारी जात नाही, गप बसतो. तुळशीच्या लग्नानंतर गावात पहिली हळद लागली, तिथं तिनं गाणी म्हटली. आम्हाला आमंत्रण होतं. गाण्यात तिनं माझं नाव घालून मला गच्चीवर वाळत घातलं. बायका ते गाणं अजून म्हणतात असं ऐकतो.

माझं म्हणाल, तर जुन्या पेशंटांच्या नोंदी काढून मी आणि ताईनं जमेल तेवढ्यांना फोन केले. काही म्हणाले, आम्ही कधीच सोडलं. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. ड्रायव्हरची दोन तोंडं आता लांबून तरी एक दिसतात. डावा हात मी मलमासाठी मोकळा ठेवतो आणि प्रत्येक पेशंटला त्याच्यावर धार ओढून दाखवतो, त्याच्याकडून ओढून घेतो, मगच चिठ्ठी देतो. ताई म्हणते, मामा, एका पेशंटला पंधरा मिनिटं लावता. मी म्हणतो, लावतो.

सुरेखा तीन महिन्यांनी तपासायला येते. आल्या आल्या नंबर घेत नाही, आधी माझ्या टेबलाशी उभी राहते आणि माझं तोंड बघते. परवा आली तेव्हा दवाखाना भरलेला होता. तिनं चष्मा लावून इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मामा, मान राहिली.

मी उठलो, आत जाऊन मानेला लावून आलो, आणि मग तिचा नंबर पुकारला.